गोधडी पुरी कशाने होते?

सोलापूरचा इतिहास म्हटला की डोळ्यांपुढे भुईकोट किल्ला येतो, सिद्धेश्वराचे तळे येते, गिरण्यांची धुराडी येतात, १९३० चा मार्शल लॉ येतो आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी गेलेले मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व कुर्बान हुसेन हे चार हुतात्मे येतात. ते यावेत हे योग्यच आहे. पण ज्या कामकरी माणसांच्या बळावर हे शहर वाढले, ती माणसे पाळी संपवून घरी गेल्यावर कशावर निजत आणि काय पांघरत, हा प्रश्न इतिहासात सहसा कोणी विचारत नाही. सारे जग झाकणारे कापड या गावात विणले गेले. ते विणणाऱ्याच्या अंगावर मात्र बहुधा गोधडी असे. म्हणून या व्यासपीठावर आम्ही गोधडीचा विषय घेतला आहे.

त्यातही एकच प्रश्न आम्हांला मांडायचा आहे. गोधडी सुरू करणे सोपे असते, ती पुरी करणे अवघड. पेटीच्या तळाशी किंवा माळ्यावर अर्धी शिवलेली, टाके सुटू लागलेली एखादी गोधडी नाही असे घर विरळा. ती अर्धी का राहिली? शिवणारी आळशी होती म्हणून नव्हे. तिला काहीतरी कमी पडले म्हणून. काय कमी पडले, ते पूर्वी कोण पुरवीत असे, आणि आज पुरवायचे तर ते कोणी व कोणत्या नात्याने, एवढाच आमचा विषय आहे.

प्रथम नावाविषयी. आपल्याकडे गोधडी आणि वाकळ हे दोन्ही शब्द चालतात. लहान मुलाच्या अंगाखाली घालतात ते दुपटे. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात हे शब्द सापडतात, म्हणजे वस्तू त्याहून जुनी आहे हे उघड आहे. सोलापूर हे तीन भाषांचे गाव. कानडी घरात हीच वस्तू कौदी होते आणि तेलुगू घरात बोंत. चुली वेगळ्या, देव वेगळे, बोली वेगळ्या, पण जुन्या कापडाचे थर टाक्यांनी सांधून पांघरूण करण्याची रीत तिन्ही घरांत एकच. बंगाल्यात तिला कांथा म्हणतात. संस्कृतातला कंथा हा शब्द आपल्या संतवाङ्मयातून परिचयाचा आहेच. बुद्धाच्या भिक्षूंची चीवरे टाकून दिलेल्या वस्त्रांचे तुकडे जोडून शिवली जात, आणि तो तुकड्यांचा नमुना शेतातल्या वाफ्यांसारखा असे अशी परंपरा सांगते. आपल्या काळात गाडगे महाराजांनी चिंध्या जोडलेले वस्त्र अंगावर घेतले आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणू लागले. तेच महाराज लाखोंच्या देणग्या धर्मशाळांना लावीत आणि स्वतःसाठी चिंधी ठेवीत. आमच्याच जिल्ह्यातल्या पंढरपुरात त्यांनी उभारलेली चोखामेळा धर्मशाळा पुढे डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे गेली. कोणाला काय दिले असता उपयोगी पडेल, हे ओळखणारा तो माणूस होता.

आता कामाचे स्वरूप पाहू. आम्ही संघटनेची माणसे. आम्हांला कोणतेही काम समोर आले की त्याचा हिशेब मांडण्याची खोड आहे. गोधडीचाही मांडून पाहू. सहा फूट लांब आणि साडेचार फूट रुंद अशी एका माणसाची गोधडी धरा. टाक्यांच्या दोन ओळींत अर्धा इंच अंतर ठेवले तर १०८ ओळी होतात. प्रत्येक ओळ ७२ इंचांची. म्हणजे एकूण शिवण ७,७७६ इंच, अर्थात २१६ वार. एका इंचात चार टाके बसले तर एका गोधडीत एकतीस हजारांवर टाके पडतात. सराईत हात मिनिटाला वीस टाके घालतो असे मानले तरी नुसत्या टाक्यांना २६ तास लागतात. दोरा दुहेरी घ्यावा लागतो. गाठी, वळणे आणि थरांतून खालीवर जाणे धरून ५०० वार तरी दोरा हवा. शंभर वारांचे रीळ धरले तर पाच रिळे. यात जुने कपडे उसवणे, धुणे, वाळवणे, फाडणे, थर पसरणे, काठ मुडपणे, बोटाला सुई लागली की थांबणे, हे काहीच धरलेले नाही. संसार आवरून दुपारचे दोन तास जिला मिळतात, तिला टाक्यांसाठीच तेरा दुपारी लागतात, आणि सगळ्या तयारीसकट तीन आठवडे सहज जातात.

हा हिशेब आम्ही मुद्दाम मांडला. गोधडी शिवणे हा बायकांचा फावल्या वेळचा उद्योग, असे आजवर सगळे म्हणत आले. गिरणीतल्या मागावर इतके तास उभ्या राहिलेल्या माणसाला कोणी फावल्या वेळचा उद्योगी म्हटले नाही. त्याच्या कामाचे तास मोजले, त्यावर कायदे झाले, संप झाले. घरातल्या या कामाचे तास मोजण्याची पाळी आलीच नाही, कारण त्याला पगारपत्रक नव्हते.

गोधडीला पहिली गरज कापडाची. गोधडी जुन्या कपड्याची होते, आणि जुना कपडा म्हणजे फुकटचा कपडा, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. अगदी गरीब घरात जुना कपडा उरतच नाही. तो अंगावरच असतो. लुगडे मध्ये विरले की दांड भरून पुन्हा नेसायचे, पुढे त्यातून परकर-चोळी काढायची, मग मुलाचे अंगडे, मग फडके, मग पोतेरे. या उतरंडीत गोधडीसाठी चार लुगडी बाजूला काढता येणे ही एका परीने सुबत्ताच. म्हणून गोधडीला गरिबीची खूण म्हणताना जरा थांबावे. जिथे थोडे उरते आणि ते वाया घालवायचे नसते, तिथे गोधडी होते. जिथे काहीच उरत नाही, तिथे दुसऱ्याने दिल्याशिवाय ती होत नाही.

आणि लोक देत असत. घरात मूल जन्माला येणार म्हटले की आजीचे मऊ झालेले लुगडे दुपट्यासाठी यायचे, आत्याचे यायचे, शेजारणीचे यायचे. नवे कापड टोचते, जुने मऊ असते, हे कारण खरेच. पण त्या दुपट्यात दहा घरांचे कापड एकत्र यायचे, ही गोष्टही लहान नव्हे. आपल्याकडे द्रौपदीची कथा घरोघर सांगतात. श्रीकृष्णाचे बोट कापले तेव्हा सुभद्रेला भरल्या घरात चिंधी सापडेना, आणि द्रौपदीने अंगावरचे भरजरी वस्त्र फाडून पट्टी बांधली. कथेचा अर्थ पुराणिक काय सांगायचा तो सांगोत. आम्ही तिचा अर्थ असा घेतो, की चिंधीची किंमत तिच्या बाजारभावावर ठरत नाही, ती कोणत्या वेळी हाती आली यावर ठरते.

सोलापुरात या देण्याघेण्याला गिरण्यांमुळे एक वेगळे वळण लागले. १८७७ साली शहरातली पहिली कापडगिरणी, जिला लोक पुढे जुनी गिरण म्हणू लागले, ती सुरू झाली. मग लक्ष्मी, विष्णू, जाम, नरसिंगगिरजी या गिरण्या उभ्या राहिल्या. आंध्र-तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, कर्नाटकाच्या सीमेवरून शेतकरी आले, दुष्काळी तालुक्यांतून मजूर आले. त्यांनी येताना फारसे काही आणले नव्हते. पुढे ज्या घरात गिरणीचा नियमित पगार येऊ लागला, त्या घरात वर्षाकाठी नवे धोतर-लुगडे येऊ लागले, आणि जुने गोधडीला मोकळे होऊ लागले. पगार आणि गोधडी यांचा संबंध असा सरळ आहे.

तो संबंध तुटला की काय होते तेही या गावाने पाहिले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कापडाची टंचाई झाली. १९४३ साली सरकारला कापड आणि सूत यांवर नियंत्रणाचा हुकूम काढावा लागला. कापड विणणाऱ्या गावातही कापड शोधत फिरण्याची वेळ आली. पुढे १९४९ च्या ऑगस्टमध्ये जुनी गिरण बंद पडली. १९५० च्या जानेवारीत केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिचा कारभार हाती घेतला, आणि ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. कायद्याच्या पुस्तकांत सोलापूरचे नाव त्या खटल्यांमुळे कायमचे राहिले आहे. मालमत्तेचा हक्क म्हणजे काय, यावर तिथे मोठा ऊहापोह झाला. पण पगार थांबला की घरातले जुने लुगडे पुन्हा नेसणीत जाते आणि अर्धी शिवलेली वाकळ माळ्यावर जाते, ही बाजू न्यायालयापुढे येण्यासारखी नव्हती. पुढे एकेक करून या मोठ्या गिरण्यांचा काळ संपला. सोलापुरी चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आम्हांला अभिमान आहे. ती चादर विरली की गोधडीच्या पोटात जाते आणि आणखी काही वर्षे सेवा करते, हेही इथल्या घरांना ठाऊक आहे.

आज कापडाची अडचण निराळी आहे. कपडे पुष्कळ झाले, पण सुती कमी झाले. कृत्रिम धाग्याची साडी विरत नाही, मऊ पडत नाही, घाम टिपत नाही. तिचे थर एकमेकांवरून निसटतात आणि टाका सरळ पडत नाही. म्हणून वाकळ शिवणाऱ्या बाईला आज द्यायचे असेल तर गाठोडेभर चकचकीत साड्या देऊ नयेत. दोन जुनी सुती लुगडी, एक धोतर, एक विरलेली चादर द्यावी. आणि तीही धुऊन, वाळवून, घडी करून द्यावी. जुना कपडा मळका देणे म्हणजे आपले धुण्याचे काम तिच्यावर टाकून वर उपकार दाखवणे होय.

दुसरी गरज सुईदोऱ्याची. ही वस्तू इतकी लहान की तिचा इतिहास कोणी विचारत नाही. गावोगाव सुया, दाभणे, मणी, फण्या, बिब्बे विकणाऱ्या वैदू समाजाच्या बायका दारावर येत आणि धान्य किंवा जुना कपडा घेऊन सुई देत. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातले रेडिच हे गाव सुयांसाठी जगभर प्रसिद्ध झाले. शिवणदोऱ्याचीही अशीच हकीकत आहे. स्कॉटलंडातल्या पेस्ली गावी १८१२ च्या सुमारास, नेपोलियनच्या युद्धांमुळे रेशीम मिळेना तेव्हा क्लार्क घराण्यातल्या माणसाने सुताचा गुळगुळीत शिवणदोरा काढला, आणि पुढे पेस्लीची रिळे देशोदेशी गेली. ज्या देशात शेकडो वर्षे सूत कातले जात होते, त्या देशात शिवायचा दोरा परदेशाहून येऊ लागला. कापडाच्या स्वदेशीची चर्चा पुष्कळ झाली. दोऱ्याच्या स्वदेशीकडे तितके लक्ष गेले नाही, कारण तो टाक्यात लपलेला असतो.

ज्यांना दोरा विकत घेणे जमत नसे त्यांनी वाट काढली. बंगाली बायका कांथ्यासाठी जुन्या साडीच्या काठांतून रंगीत धागे ओढून काढीत. ही काटकसर कौतुकास्पद खरीच, पण तिच्यात वेळ किती जातो याचाही विचार करावा. पाच रिळांचा दोरा काठांतून धागाधागा काढायचा म्हणजे किती दुपारी! गोधडी अर्धी राहण्याचे पहिले कारण कापड नसून दोरा आहे, असे आम्हांला आमच्या वस्त्यांतून दिसते. कापड घरात कुठून तरी जमते. दोऱ्याला मात्र रोख पैसा लागतो, आणि रोख पैसा घरात आला की त्याच्यावर पहिला हक्क किराण्याचा, मग औषधाचा, मग शाळेचा. दोऱ्याचा क्रमांक लागेपर्यंत पावसाळा येतो.

दोऱ्याबरोबर आणखी चार लहान वस्तू. एक, जाड थरांतून जाईल अशी लांब, मजबूत सुई. आणि ती एकच नव्हे, पाचसहा, कारण ती मोडते. दोन, अंगुस्तान, म्हणजे शिंपी बोटात घालतो ती टोपी; ती नसली की बोटाला भोके पडतात आणि दुसऱ्या दिवशी काम बंद. तीन, मेणाचा गोळा. त्यावरून ओढलेला दोरा तुटत नाही आणि गुंतत नाही. चार, धार असलेली कात्री. या साऱ्यांना मिळून फार पैसे पडत नाहीत. तरी भेट द्यायची म्हटली की आपण पितळेचे भांडे देतो, शाल देतो, भिंतीवर लावायची तसबीर देतो. शिवणकामासाठी द्यायचे झाले तर शिवणयंत्र देतो, त्याचा समारंभ करतो. शिवणयंत्र ही चांगली वस्तू आहे. पोलकी-झबली शिवणाऱ्या बाईचा संसार त्याने उभा राहतो. पण घरगुती यंत्राच्या दट्ट्याखाली सहा थरांची वाकळ सरकत नाही. तिथे हातच लागतो. देणाऱ्याने आपल्याला काय शोभते ते पाहून दिले आणि घेणारीला काय हवे ते विचारले नाही, म्हणजे असे होते.

आणि एक वस्तू राहिली. आपली भाषा मोठी शहाणी आहे. जवळचे दिसण्यासाठी लागणाऱ्या चष्म्याला तिने चाळिशी असे नाव दिले. वयाच्या चाळिशीला सुईचे नेढे दिसेनासे होते. गोधडी शिवण्यात ज्यांचा हात बसलेला असतो त्या बायका बहुधा याच वयाच्या पुढच्या. सुईत दोरा ओवून घेण्यासाठी नातवाला हाक मारायची, तो खेळायला गेला असेल तर हात जोडून बसायचे, असे प्रत्येक घरात चालते. हात शाबूत, कसब शाबूत, आणि काम थांबले ते नेढ्याशी. त्या बाईला चाळिशी करून देणे याहून उपयोगी भेट आम्हांला सुचत नाही. ती एक वस्तू पुढची दहा वर्षे कामी येते, आणि गोधडीखेरीज तांदूळ निवडण्यापासून पोथी वाचण्यापर्यंत कामी येते.

तिसरी गरज हातांची. गोधडीचे थर पसरणे हे एकटीचे काम नाही. चौघींनी चार कोपरे धरून कापड ताणायचे, सुरकुती राहू द्यायची नाही, मग लांब कच्च्या टाक्यांनी थर बांधून घ्यायचे. एवढे झाले की पुढे एकटी शिवू शकते. पण पहिला दिवस चौघींचा. वाड्याच्या चौकात, चाळीच्या ओसरीवर हे काम चाले आणि उद्या दुसरीचे अंथरायचे अशी फिरती ठरलेली असे. शेतकरी बायका खुरपणीला एकमेकींच्या रानात सावडीने जातात, तसलाच हा प्रकार. त्याला कोणी संस्था म्हटले नाही, त्याचे इतिवृत्त लिहिले नाही, पण आम्ही ज्याला सहकार म्हणतो तो याहून वेगळा नाही. आज घरे लहान झाली, दारे बंद झाली, चौक गेले. सहा फुटांचे कापड पसरायलाच जागा नाही. म्हणून वाचनालयाने, मंडळाने, संघटनेच्या कचेरीने आठवड्यातून एक दुपार आपले दालन आणि सतरंजी मोकळी करून देणे, हीदेखील भेटच आहे.

कारवार जिल्ह्याच्या घाटावर सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. त्यांच्या बायका कवंद नावाची गोधडी शिवतात आणि शेवटी चारी कोपऱ्यांना घड्या घातलेले कापडी चौकोन लावतात. त्यांना त्या फुले म्हणतात. ही फुले लावल्याशिवाय कवंद उघडी राहिली, असे मानतात. म्हणजे काम केव्हा पुरे झाले याची खूण त्यांनी ठरवून टाकली आहे. अर्धे काम अर्धेच आहे, हे मान्य करण्यात लाज नाही. ते पुरे करण्याची सोय हवी.

इथवर आम्ही भेटीविषयी बोललो. आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिथे आमचा जीव अडकला आहे. गोधडी घरच्यासाठी शिवली तर तिला लागणारी मदत ही आपुलकीची गोष्ट. पण जी बाई दुसऱ्यासाठी शिवते, तिला काय द्यायचे? दारोदार फिरून वाकळ शिवून देणाऱ्या बायका आपण पाहतो. त्यांना जुने लुगडे, चार भाकरी आणि वर थोडे पैसे दिले की आपण काहीतरी दिले, असे वाटते. आपला हिशेब आठवा: एकतीस हजार टाके, २६ तास, आणि तयारी धरून आठ तासांचे चार-पाच दिवस. चार-पाच दिवसांची मजुरी आपण देतो का? देत नसू, तर वर दिलेले लुगडे ही भेट नव्हे, बुडवलेल्या मजुरीवर घातलेले पांघरूण आहे. आमचे म्हणणे एवढेच, की आधी मजुरी चुकती करावी आणि मग भेट द्यावी. हा क्रम उलटा झाला की भेटीसारखी घातक वस्तू नाही. बोनसच्या ऐवजी मिठाईचा पुडा हातावर ठेवणारे मालक आम्ही पुष्कळ पाहिले आहेत.

हा प्रश्न आमच्याच डोक्यातून निघालेला नाही. अहमदाबाद हे सोलापूरसारखेच गिरण्यांचे शहर. तिथल्या गिरण्यांतून निघालेली चिंधी व्यापारी विकत घेत, ती घरी बसणाऱ्या बायकांना देत आणि त्या तुकडे जोडून रजईच्या खोळी शिवून देत. गिरणीतल्या मजुरांची तिथे १९२० पासून मोठी संघटना होती. पण त्याच गिरणीची चिंधी घरी शिवणारी बाई मजूर आहे हे कोणाच्या गावी नव्हते. इला भट यांनी १९७२ साली ‘सेवा’ ही स्वयंरोजगार करणाऱ्या स्त्रियांची संघटना उभी केली. नोंदणीच्या वेळी अडचण अशी निघाली, की या बायकांना मालक कोण? मालक नाही तर भांडण कोणाशी, आणि भांडण नाही तर युनियन कसली? तरीही संघटना नोंदली गेली. पुढे त्याच दशकात चिंधी शिवणाऱ्या बायका तिच्यात आल्या, त्यांनी खोळीमागे दर वाढवून मागितला, आणि ज्या बोलल्या त्यांचे काम व्यापाऱ्यांनी बंद केले. तेव्हा त्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली आणि चिंधी थेट मिळवण्याची खटपट केली. त्यांना कोणी आयती रजई देऊ केली असती तर ती चार दिवस पुरली असती. चिंधी स्वतः विकत घेण्याची सोय झाली, ती टिकली.

असेच उदाहरण साता समुद्रांपलीकडचे आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचे खेडे आहे. गुलामांच्या वंशातल्या काळ्या बायका तिथे शेतावरच्या फाटक्या कामाच्या कपड्यांतून गोधड्या शिवीत. नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळात, १९६६ साली, त्या परिसरातल्या बायकांनी गोधड्यांची सहकारी संस्था काढली. १९७२ साली एका मोठ्या दुकानदार कंपनीकडून त्यांना जाड मखमली दोरीदार कापडाच्या उशांच्या खोळी शिवण्याचे काम मिळाले. त्या कामातून उरलेले तुकडे बायकांनी घरी नेले आणि त्यांच्या गोधड्या केल्या. त्याच गावच्या गोधड्या २००२ साली ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर मांडल्या गेल्या. ह्या कलेचे कौतुक झाले ते योग्यच. पण त्या आधी संस्था झाली, मजुरी ठरली, हे विसरून चालणार नाही.

सोलापूरला तर हा धडा परका नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात इथल्या विणकरांची उपासमार झाली, कारण पोटाला नसताना कापड कोण घेणार? तेव्हा वाद हाच होता, की विणकराला खडी फोडायला पाठवावे की त्याच्या मागावरच काम द्यावे. लोकमान्य टिळकांनी सोलापूर-नगरकडे येऊन व्यापाऱ्यांशी बोलून विणकरांच्या मदतीची योजना आखली. सरकारने ती उचलून धरली नाही. पण तिच्यामागचे तत्त्व आजही खरे आहे: कसबी माणसाला मदत करायची तर त्याच्या कसबातून करा. हाताला माग असलेल्या माणसाच्या हातात हातोडा देऊन त्याचा हात बिघडवू नका.

घरी बसून काम करणाऱ्या बाईला कायदा लागू होऊ शकतो, हेही या गावाने पाहिले. सोलापूरच्या हजारो विडी कामगार बायका घरी पाने-तंबाखू नेऊन विड्या वळतात. १९६६ साली विडी कामगारांचा कायदा झाला आणि घरी काम करणारीही कामगार ठरली. २००६ साली कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत या बायकांच्या हाती आली. ती घरे दानातून मिळाली नाहीत, वर्षानुवर्षांच्या मागणीतून मिळाली. १९९६ साली आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेने घरकाम करून देणाऱ्या सर्वच मजुरांसाठी ठराव केला. विडी वळणारीला जे मिळाले ते वाकळ शिवणारीला का मिळू नये, याचे उत्तर आम्हांला अजून कोणी दिलेले नाही.

मग करावे काय? आमच्या सूचना साध्या आहेत. आपल्याकडे संक्रांतीला गड्ड्याची जत्रा भरते, नंदीध्वज निघतात, आणि त्याच दिवसांत घरोघर हळदीकुंकू होऊन वाण लुटले जाते. त्या वाणात प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी पक्क्या दोऱ्याचे एक रीळ आणि सुयांची एक पुडी द्यावी. पाच घरचे वाण घेतलेल्या बाईकडे एका गोधडीचा दोरा जमतो. हिशेब वर दिलाच आहे. नवरात्राच्या आधी घराघरांतली अंथरुणे-पांघरुणे धुवायला निघतात, तेव्हा सुती जुने कापड वेगळे काढून ठेवावे. चैत्र-वैशाखात, म्हणजे व्याख्यानमालेच्या याच दिवसांत, गोधड्या शिवायला बसतात. तेव्हा एखाद्या संस्थेने जागा द्यावी, एखाद्या डॉक्टराने डोळे तपासावेत, आणि चाळिशीचा खर्च आपण दहाजणांनी उचलावा. आणि शिवून घ्यायचे असेल तर तासांची मजुरी आधी ठरवावी, ती रोख द्यावी, आणि त्यानंतर जे प्रेमाने द्यायचे ते द्यावे.

न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती लोकांना शहाणे करण्यासाठी. आमच्यासारख्या, शाळेपेक्षा वाचनालयात जास्त शिकलेल्या माणसांवर या परंपरेचे फार मोठे ऋण आहे. व्याख्यान ऐकून माणूस शहाणा झाला की नाही, हे त्याने घरी जाऊन काय केले यावरून कळते. श्रोतेहो, आपल्या माळ्यावर एखादी अर्धी गोधडी असेल. ती कोणाची आहे आणि कशावाचून थांबली आहे, हे तिला विचारा, आणि दोरा लागत असेल तर दोरा आणून द्या. पावसाळ्याला अजून दीड-दोन महिने आहेत. तेवढ्यात ती पुरी होईल.